एका चाकाचा हिशेब: पहिली डोंगरी एकचाकी निवडताना

मागच्या व्याख्यानात आपण सायकलला साखळी कशी आली ते पाहिलं. ते संपल्यावर एक मुलगी थांबली होती. म्हणाली, "सर, मला एकचाकी घ्यायची आहे. शनिवार-रविवार टेकडीवर चालवीन, इतर दिवशी ऑफिसला. ऑफिस सहा किलोमीटरवर आहे. पैसे एकदाच्या खरेदीपुरतेच साठलेत. चोवीस इंची घेऊ, सव्वीस, एकोणतीस, की छत्तीस?"

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. आता ती समोरच बसली आहे, त्यामुळे पळवाट नाही. पण मला इतिहासाखेरीज दुसरं काही येत नाही, तेव्हा उत्तर १८७० पासूनच सुरू करावं लागेल. त्याला कारणही आहे. गिअरवाली सायकल घेताना थोडी चूक झाली तर चढावर हलका गिअर टाकून निभावता येतं. साध्या एकचाकीत ती सोय नाही. पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं असतं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणजे तुम्ही चाक विकत घेता तेव्हा गिअरही विकत घेता, आणि तो एकच. हा नियम कुठून आला ते कळलं की दुकानातला निम्मा गोंधळ संपतो.

पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात मिशोंच्या कारखान्यातली दुचाकी निघाली, तिच्या पुढच्या चाकालाच पेडल होती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी असंच नाव दिलं. तिला वेग हवा तर काय करायचं? साखळी नाही, म्हणजे एकच उपाय, चाक मोठं करा. पण लाकडाचं चाक किती मोठं करणार? जड होतं. मग तारेचे ताणलेले आरे आले. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जेम्स स्टार्ली नावाचा कारागीर होता, मुळात शिलाई मशीनवाला. त्याने विल्यम हिलमनबरोबर १८७० मध्ये 'एरियल' या सायकलचं पेटंट घेतलं. तिथून पुढचं चाक वाढत गेलं, अठ्ठेचाळीस इंच, बावन्न, छप्पन्न. थांबलं कुठे? माणसाच्या पायाच्या लांबीपाशी. पाय पेडलपर्यंत पोचायला हवा ना! म्हणून तेव्हा गिऱ्हाईक दुकानात गेलं की आधी त्याच्या पायाचं माप घेत, शिंपी घेतो तसं. तीच पेनी-फार्दिंग. आजही इंग्रजी मुलखात जाणकार लोक सायकलचा गिअर इंचांत सांगतात, 'सत्तर इंची गिअर' वगैरे. म्हणजे पेनी-फार्दिंगचं चाक सत्तर इंची असतं तर एका फेऱ्यात जेवढं अंतर गेलं असतं, तेवढं. चाक गेलं, माप राहिलं.

या सायकलबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते, आणि आपल्या प्रश्नाला तीच लागू पडते. बऱ्याच पेनी-फार्दिंगच्या क्रँकला, म्हणजे पेडल आणि आस यांच्यामधल्या दांड्याला, एक लांब खाच असायची. पेडल त्या खाचेत आत-बाहेर सरकवून बसवता यायचं. चढाचा मुलूख असेल तर बाहेर, म्हणजे दांडा लांब आणि जोर जास्त. सपाट रस्ता असेल तर आत, म्हणजे दांडा आखूड, पाय लहान वर्तुळात भराभर फिरतात. चाक बदलता येत नाही, पण दांडा बदलता येतो. हे लक्षात ठेवा, आपण परत इथेच येणार आहोत.

आता पडण्याबद्दल. पेनी-फार्दिंगवर बसणारा माणूस जवळजवळ आसाच्या डोक्यावर बसायचा. समोर दगड आला, चाक अडलं, की मागचं छोटं चाक वर उचललं जायचं आणि स्वार हँडलवरून डोक्यावर पडायचा. याला 'हेडर' म्हणत. इतकं नेहमीचं, की त्याला वेगळं नाव पडावं. थॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ मध्ये पन्नास इंची 'कोलंबिया' घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला, वाटेत लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडनेही गेला. तोही असाच पडत, ढकलत, उचलून नेत गेला. सिएरा नेवाडाच्या डोंगरात तर धड रस्ता नव्हताच. ऑफ-रोड म्हणून आज जे मिरवतात ते त्याच्यासाठी नाइलाज होतं.

हेडरमध्ये जीव घेणारी गोष्ट कोणती? उंची असेलच, पण हँडलसुद्धा. मांड्या हँडलखाली अडकतात, त्यामुळे पाय पुढे टाकून सावरता येत नाही. माणूस दगडासारखा पुढे कोसळतो.

असं सर्रास सांगितलं जातं, आणि पटण्यासारखं आहे, की एकचाकी याच अनुभवातून निघाली. मागचं चाक उचलल्यावरही थोडा वेळ तोल राहतो हे काही उनाड पोरांच्या लक्षात आलं असणार. मग मागचं चाक काढलं, हँडल काढलं. कुणा एकाला शोधाचं श्रेय द्यायला मी तयार नाही. पण हँडल गेल्यावर काय झालं बघा. समोर अडवणारं काही उरलं नाही. चाक अडलं तर स्वार पुढे पायांवर उतरतो, दोन पावलं धावतो, सीट मागे पडते. वेगळं नाव पडलेला तो अपघात एक भाग काढून टाकल्याने बराच सौम्य झाला. एकचाकी बघून घाबरणाऱ्या आईवडिलांना मी हे नेहमी सांगतो. मात्र याची एक अट आहे, वेग धावण्याच्या वेगापेक्षा जास्त नको. तुम्ही जितकं धावू शकता तितक्यापर्यंतच पायांवर उतरता येतं. त्याच्या पुढे मनगटं आणि गुडघे मोजतात.

मग १८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' काढली. साखळी मागच्या चाकाला, दोन्ही चाकं बेताची. पुढे १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. गिअरचा प्रश्न चाकाच्या मापापासून सुटला, आणि दहाएक वर्षांत पेनी-फार्दिंग अडगळीत गेली. तिचा कायदा मात्र एका वाहनाने सोडला नाही, ते म्हणजे एकचाकी. ती गेली सर्कशीत.

आपल्याकडेही एकचाकी म्हटली की तंबू, बँड आणि चेहरा रंगवलेला विदूषकच डोळ्यांसमोर येतो. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली, तेव्हापासून मराठी माणसाला सर्कस घरची वाटते. पण तंबूतल्या गरजा वेगळ्या. तिथे जमीन सपाट, खेळ पाच मिनिटांचा, चाक वीस इंची, टायर टणक. उंच 'जिराफ' एकचाकीत साखळी असते, पण ती वेगासाठी नाही, माणसाला उंचावर बसवण्यासाठी. जवळजवळ शंभर वर्षं एकचाकी याच कामासाठी बनत राहिली. म्हणून आजही ऑनलाइन स्वस्तात मिळणारी एकचाकी पाहिलीत तर ती सर्कशीचीच वारसदार आहे. चौकोनी टोकाचा आस, त्यावर ठोकून बसवलेले दांडे, बारीक टायर. अंगणात शिकायला ती ठीक आहे. टेकडीवर ती मोडते. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या परिचयातल्या एका मुलाने अशीच एक टेकडीवर नेली, तिसऱ्या रविवारी डावा दांडा हातात आला.

का मोडते? साध्या सायकलला फ्रीव्हील असतं, पेडलवर जोर पुढच्याच दिशेने पडतो. एकचाकीत तोल राखायचा तोच मुळी पेडलवर पुढे-मागे दाब देऊन. प्रत्येक फेऱ्यात दाबाची दिशा उलटसुलट होते. चौकोनी टोक आणि दांडा यांच्यात केसाएवढी फट पडली की ती प्रत्येक दाबाबरोबर वाढत जाते. त्यात तुम्ही दगडावरून खाली उडी मारलीत की सगळं वजन त्या एका सांध्यावर.

डोंगरात एकचाकी न्यायचं कुणाला सुचलं? एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची ओळखही नसलेल्या लोकांना सुचलं. मला या कहाणीत हेच सगळ्यात आवडतं. अलास्कात समुद्र आणि डोंगर यांच्या चिमटीत सिवर्ड नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज पेक १९८० च्या दशकात खडकाळ किनाऱ्यावर आणि डोंगरवाटांवर एकचाकी चालवत होते. पुढे त्यांनी खडबडीत जमिनीवर ती कशी चालवावी याची एक व्हिडिओ कॅसेटही काढली. खाली कॅनडात, व्हिक्टोरिया शहरात, क्रिस होम नावाच्या मुलाने रस्त्यावर एकचाकीवर बसून व्हायोलिन वाजवणारा कलाकार पाहिला आणि बाराव्या वाढदिवसाला एकचाकी मागून घेतली. हा मुलगा गिर्यारोहण करणारा, पुढे भूगर्भशास्त्राकडे गेला. त्याने ती सर्कशीतली एकचाकी झाडांच्या मुळ्यांवरून आणि ओंडक्यांवरून नेली. मेक्सिकोतलं पिको दे ओरिसाबा हे ५,६३६ मीटर उंचीचं शिखरही त्याने एकचाकीसह केलं, आणि नेथन हूवर या दुसऱ्या स्वाराबरोबर भूतानच्या वाटांवर गेला. त्यावर माहितीपटही आहे.

या लोकांना सामान कुठून मिळालं? शेजाऱ्याकडून. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये १९७६ पासून 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत भरू लागली होती. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं, प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून नाव रीपॅक. तिथून माउंटन बाइकचा धंदा उभा राहिला, आणि त्या धंद्याबरोबर रुंद, मऊ, खडबडीत टायर बाजारात आले. तीन इंच रुंदीचा टायर, त्यात हवा कमी, हीच एकचाकीची सगळी शॉकअप! दुसरी सहसा नसते. आसाचं उत्तर उडीबाज बीएमएक्स सायकलींच्या धर्तीवर निघालं. चौकोनी टोकाऐवजी गोल आस, त्यावर भोवताली दाते, दांड्याच्या आत तशाच खाचा. दाब एका कोपऱ्यावर न पडता सगळ्या दात्यांत वाटला जातो. पुढे 'आयसिस' नावाचं दहा दात्यांचं प्रमाण माप रुळलं. होमने १९९९ मध्ये स्वतःच्या नावाने डोंगरी एकचाक्या काढल्या, कारण दुकानात मिळणाऱ्या त्याने मोडून संपवल्या होत्या असं म्हटलं तरी चालेल.

ब्रेकही असाच माउंटन बाइककडून आला, आधी रिमवरचा तेलाच्या दाबाचा, मग डिस्क. त्याची मूठ सीटच्या नाकाखाली असते. नवख्याला वाटतं हा थांबण्यासाठी आहे. जोरात दाबलात तर तुम्ही १८८० मधला हेडर घेणार. लांब उतारावर गुडघ्यांनी चाक मागे धरून धरून मांड्या भरून येतात, तो भार थोडा हलका करायचा, एवढंच त्याचं काम.

आता रस्त्याकडे येऊ, कारण आपल्या प्रश्नात ऑफिसही आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगाला कोकर टायर नावाची कंपनी आहे, जुन्या मोटारींसाठी जुन्या नमुन्याचे टायर बनवणारी. त्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी छत्तीस इंची टायर आणि त्याची एकचाकी बाजारात आणली. लांब पल्ल्याच्या लोकांना जणू पेनी-फार्दिंग परत मिळाली. इंग्लंडच्या सॉमरसेटमधला एड प्रॅट हा तरुण २०१५ ते २०१८ या काळात छत्तीस इंचीवर सामान लादून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. दुसरीकडे स्वित्झर्लंडच्या फ्लोरियन श्लुम्फ यांनी हबच्या आत गिअर बसवला: घोट्याने आसाच्या टोकावरचं बटण दाबायचं की चाक पेडलच्या दीडपट फिरतं. छत्तीस गुणिले दीड किती? चोपन्न. म्हणजे दीडशे वर्षांनी इतकी कारागिरी करून आपण बरोबर पेनी-फार्दिंगच्या मापावर आलो! पण पहिली एकचाकी म्हणून हे नको. नुसत्या त्या हबची किंमत एका चांगल्या अख्ख्या एकचाकीपेक्षा जास्त आहे, आणि चालू असताना गिअर बदलणं हे वेगळं शिक्षण आहे.

चला, हिशेब करू. ज्यांना आकडे नको त्यांनी दोन मिनिटं चहा घ्यावा. चोवीस इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं, सव्वीस इंची २.०७, एकोणतीस इंची २.३१, छत्तीस इंची २.८७. समजा तुम्ही मिनिटाला ऐंशी फेरे मारता, म्हणजे शिकलेल्या माणसाचा निवांत वेग. तर ताशी वेग अनुक्रमे नऊच्या जरा वर, दहा, अकरा आणि जवळजवळ चौदा किलोमीटर. सहा किलोमीटरच्या ऑफिसला चोवीसवर ३९ मिनिटं, सव्वीसवर ३६, एकोणतीसवर ३२, छत्तीसवर २६.

म्हणजे चोवीस आणि एकोणतीसमध्ये फरक सात मिनिटांचा! लोक मापावरून इतकं भांडतात, आणि सिग्नल एक लागला की त्यातलं एखादं मिनिट गेलं.

आता ती पेनी-फार्दिंगची खाच आठवा. आज तिची जागा दोन भोकांच्या दांड्याने घेतली आहे. एकाच दांड्यावर पेडल बसवायला दोन जागा, उदाहरणार्थ १५० मिलिमीटरवर आणि १२५ वर. सव्वीस इंची चाकावर शनिवारी पेडल १५० च्या भोकात, चढायला जोर मिळतो, उतारावर ताबा राहतो. सोमवारी पाना घेऊन १२५ च्या भोकात. आखूड दांड्यावर पाय लहान वर्तुळात फिरतात, मिनिटाला शंभर फेरे सरावाने जमतात. शंभर फेऱ्यांना सव्वीस इंची चाकाचा वेग ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास आणि ऑफिस २९ मिनिटांवर. म्हणजे एकोणतीसवर लांब दांडा लावून ऐंशीने जाणाऱ्याच्या आधी तुम्ही पोचाल. अर्थात, एकोणतीसवालाही आखूड दांडा लावू शकतो, मग तो पुढे जाईल. पण त्याला टेकडीवर दगडातून वळताना ते मोठं चाक आवरावं लागेल, आणि पहिल्या वर्षात ते जड जातं. छत्तीस इंची टेकडीवर नेणारे पट्टीचे लोक आहेत. आपण त्यांना टाळ्या वाजवू.

तेव्हा, बाई, माझं उत्तर सव्वीस. हा निवाडा माझा आहे, काहीजण वाद घालतील. तुमची उंची कमी असेल किंवा ऑफिस हा नुसता बहाणा असेल, तर चोवीस. टेकडी म्हणजे रुंद मातीची वाटच असेल, दगड-पायऱ्या नसतील, तर एकोणतीस. पैसे वाचवायचेच असतील तर ब्रेक नंतर घ्या, मात्र चौकटीवर तो बसवायची सोय आधीपासून असू द्या. दातेरी आसावर पैसे वाचवू नका. सीटला पुढे धरायला मूठ असलेलीच घ्या, चढावर ती वर ओढूनच पायांना जोर येतो. आणि रुंद टायर रस्त्यावर आणताना हवा भरा. कमी हवेचा रुंद टायर, रस्ता कडेला जरा जरी उतरता असला, तरी तुम्हाला सारखा एका बाजूला ओढत राहतो. नवखा माणूस समजतो आपलाच तोल बिघडलाय.

शिकायला मात्र कुणाची तरी वीस इंची मागून आणा. आणि ऑफिसचा रस्ता धरण्याआधी तीन गोष्टी यायलाच हव्यात: खांबाचा आधार न घेता चढणं, मागे वळून पाहणं, आणि हवं तिथे मुद्दाम उतरणं. प्रत्येक सिग्नलला उतरावं लागणार, परत चढावं लागणार. मागे बस हॉर्न वाजवत असताना ते जमत नसेल तर महिनाभर आणखी मैदानात काढा. हेल्मेट, मनगटाच्या पट्ट्या आणि नडगीचं संरक्षण यांचे पैसे चाकाच्या पैशांतच धरा. पेडलला लोखंडी काटे असतात, नडगीवर त्यांची सही होतेच.

एक शेवटचं, कारण हे दर वेळी घडतं. खोका घरी आला, घाईघाईने जोडलं, आणि आठ दिवसांत डावं पेडल सैल झालं. दुकानदाराला फोन करण्याआधी दांड्यांवरची अक्षरं बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सीट उलट्या तोंडाने बसवली असेल तर डावा दांडा उजवीकडे जातो, आणि तुम्ही पुढे जाताना पेडल स्वतःच उलगडत जातं. त्यात आटे खराब झाले की दांडाच बदलावा लागतो. 'एल' डाव्या पायाखाली, 'आर' उजव्या पायाखाली, मग सीटचं नाक पुढे, आणि मग पाना घट्ट. आता प्रश्न घेऊ या.